बिनआंघोळीची करवत

बाबली परबाला मी पहिलीत शिकवलं. शिकवलं म्हणजे तो वर्गात बसला आणि मी बोलले. पाढे त्याला आले नाहीत, बाराखडी अर्धी आली. पण कुठल्या लाकडाचा निखारा होतो आणि कुठल्या लाकडाचा नुसताच धूर, हे त्याला तेव्हाही माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. परीक्षेत ते विचारत नाहीत, म्हणून तो चौथीत दोनदा बसला.

मी डेल्सी लुद्रिक. मसुऱ्याजवळ कातळवाडीत माझं घर आहे. वाडीत घरं बेचाळीस, त्यातलं ख्रिस्ती घर हे एकच. अडतीस वर्षं मी इथल्याच शाळेत काढली. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी वाडी मला बाई म्हणते आणि माझ्यासमोर विडी लपवते. बाबली आता चोपन्न वर्षांचा आहे. तोही लपवतो.

गेली तीस वर्षं वाडीचा लाकूडफाटा बाबली तोडतो. फेब्रुवारी उजाडला की त्याची कुऱ्हाड एकेका परसात जायची आणि मिरगाच्या आत बेचाळीस घरांच्या पडव्यांत पावसाची लाकडं रचून व्हायची. मुंबईहून येणारे पाहुणे विचारतात, आता गॅस असताना लाकडं कशाला? मी त्यांना उत्तर देत नाही. सकाळी न्हाणीतल्या तपेल्यातलं कढत पाणी देते, दुपारी उकड्या तांदळाची पेज देते. भात उकडायला चुलीवर मोठा हंडा चढवावा लागतो आणि तो हंडा गॅसवर ठेवला तर आधी शेगडी बसते, मग सिलिंडर संपतो. एवढं सगळं खाऊनपिऊन पाहुणे परत विचारतात.

गेल्या दिवाळीत बाबलीचा उजवा खांदा गेला. हात कानाच्या वर जाईना. डॉक्टर म्हणाले, आता कुऱ्हाड बंद. बाबलीने विचारलं, "डाव्या हातान चलात?" डॉक्टर म्हणाले, डावाही जाईल.

त्याचा मुलगा निलेश म्हापशाला असतो. तो चांगला मुलगा आहे, हे मी आधीच सांगून ठेवते. बापाचा खांदा गेल्याचं कळल्याबरोबर त्याने तिथल्या एका इमारतीत वॉचमनची जागा पाहून ठेवली. गेटजवळ खुर्ची, अंगात निळा शर्ट आणि राहायला जिन्याखालची खोली. आईबापांनी मिरगाआधी यावं असं ठरवून टाकलं. बाबलीची बायको यशोदा यावर हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. तिने एवढंच विचारलं, "आणि म्हस?" 

बाबलीला जायचं नव्हतं. हे तो कोणाला म्हणाला नाही, पण एका सकाळी माझ्या पायरीवर येऊन बसला आणि अर्धा तास विहिरीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बाई, माणूस आयुष्यभर उभो रवलो आसलो तर तो नुसतो बसात कसो?" मी म्हटलं, "बसूक नको. मशीन घे." लाकडं कापायचं मशीन मी टीव्हीवर पाहिलं होतं. हात खांद्याच्या वर न्यावा लागत नाही, दोरी ओढायची आणि धरून ठेवायचं. बाबलीने विचार केला. त्याला विचार करायला तीन आठवडे लागले.

कुडाळात अशी दुकानं आहेत, पण बाबलीचा विश्वास बांद्याच्या दुकानावर. त्याच्या मामेभावाने तिथून पाण्याचा पंप घेतला होता आणि तो अजून चालतो. मला बरोबर नेलं ते माहितीपुस्तक वाचायला. दुकानदाराने तीन चेनसॉ काढून टेबलावर मांडल्या. एक लहान, एक मधली, एक मोठी. तो आमच्याशी पुस्तकातलं मराठी बोलत होता. "घरगुती वापर की व्यावसायिक?"

"लाकडां तोडूची आसत," बाबली म्हणाला.

दुकानदाराने समजावलं की लहान मशीन फांद्यांना ठीक, मोठं मशीन जंगलात साग पाडणाऱ्यांना, आणि आपल्यासाठी हे मधलं, अठरा इंची पातीचं. बाबलीने तिन्ही उचलून पाहिली. लहान उचलून हसला, मोठं उचलून खांदा धरला, आणि मधलं कमरेशी धरून दुकानातल्या दुकानात चार पावलं चालला. मूल कडेवर घेऊन बघावं तसं. मग म्हणाला, "ह्या बरा आसा."

पुस्तक इंग्रजीत होतं. मी उभ्याउभ्या मराठी करून वाचून दाखवलं. पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल किती घालावं, साखळी किती ताणावी, डोळ्यांना चष्मा लावावा. थकलेल्या किंवा मद्यपान केलेल्या माणसाने यंत्र चालवू नये. यावर बाबली काळजीने म्हणाला, "मगे ह्या चलवतलो कोण?" तो स्वतः पीत नाही. पण वाडी त्याच्या डोळ्यांसमोर होती. पुढे लिहिलं होतं, यंत्र पाण्यात नेऊ नये. त्यावर त्याने मान हलवली.

घरी आणल्यावर यशोदेने मशीनला कुंकू लावलं, जास्वंद वाहिली, नारळ फोडला. पहिलं काम शुभ घरी व्हावं म्हणून गुरुवारी सत्यवान गावकराच्या परसातला वठलेला काजू कापायचं ठरलं. सत्यवान म्हणजे आमच्या देवळाचा मानकरी. वाडीत काहीही नवं निघालं की देवापुढे उभं राहून गाऱ्हाणं घालायचं काम त्याच्याकडे. तो गाऱ्हाणं घालतो आणि मागचे सगळे "होय म्हाराजा" म्हणतात. मीही एकदा म्हटलं होतं. फादरांना सांगितलेलं नाही.

बुधवारी सकाळी मथुराआजी गेली.

त्र्याऐंशी वर्षांची होती. घरात सून किशोरी, आणि मुलगा सिद्धेश मुंबईला नोकरीत. आमच्या वाडीत हिंदू घरात कोणी गेलं की प्रत्येक घरातून एक पुरुष आपली कुऱ्हाड घेऊन निघतो. ज्यांचं मयत त्यांच्या जमिनीतला एक आंबा पाडायचा, सगळ्यांनी मिळून तोडायचा, ओंडके फोडायचे आणि स्मशानात सरण रचायचं. तीन-चार तासांचं काम. कोणी बोलवायचं नाही, कोणी काही घ्यायचं नाही. मुलगा मुंबईहून पोचेपर्यंत लाकडं होतात. आम्हा ख्रिस्ती लोकांना लाकडं फक्त पेटीपुरती लागतात, म्हणून मी हे सगळं आयुष्यभर कुंपणावरून पाहत आले आहे.

त्या दिवशी माणसं नऊच जमली. बाकीचे गोव्यात नाहीतर मुंबईत. नवांतले चौघे साठीच्या पुढचे. सगळ्यांनी बाबलीकडे पाहिलं. बाबली म्हणाला, "अजून पयला काम जावक नाय. पयलाच मयताचा?"

"मयताक नाय म्हणूचा नसता, बाबली," सत्यवान म्हणाला. "काढ ता मशीन." हे सत्यवान म्हणाला, हे वाचणाऱ्याने लक्षात ठेवावं. सत्यवानाने ठेवलं नाही.

बाबलीने दोरी ओढली आणि वीस मिनिटांत आंबा आडवा, पुढच्या अर्ध्या तासात त्याचे ओंडके. बाकीची आठ माणसं कुऱ्हाडी घेऊन बाजूला उभी राहिली. फोडायला थोडं मिळालं, तेही लवकर संपलं. आणि सिद्धेशची गाडी तेव्हा कुठे चिपळूणला होती. एरवी हा वेळ तोडण्यात जातो, घामात जातो, गेलेल्या माणसाविषयी दोन शब्द बोलण्यात जातो. आता चार तास नुसते बसायचे. आधी मथुराआजीविषयी बोलून झालं. मग तिच्या नवऱ्याविषयी झालं. मग मशीनविषयी सुरू झालं, आणि सिद्धेश येईपर्यंत तेच चाललं. अशी लाकडं कोणाला मिळाली नव्हती, सगळी एका मापाची, असं म्हणत होते. मला वाटतं बाबलीच्या आयुष्यातला तो मोठा दिवस होता.

संध्याकाळी सगळं उरकून माणसं व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, गेली. आमच्याकडे मयताचं काम केलेली कुऱ्हाड घरी तशीच नेत नाहीत. व्हाळात बुडवायची, स्वतः डुबकी मारायची, मग घरी. आठही जणांनी कुऱ्हाडी बुडवल्या. बाबली काठावर मशीन घेऊन उभा राहिला. पुस्तकात लिहिलेलं त्याला पाठ होतं. शाळेतलं एक वाक्य त्याने कधी पाठ केलं नाही, आणि हे केलं. त्याने मशीन खडकावर ठेवलं, स्वतः आंघोळ केली आणि मशीन कोरडंच घरी नेलं. हे सगळ्यांनी पाहिलं आणि त्या वेळी कोणी अवाक्षर काढलं नाही.

गुरुवारी सत्यवानाचा निरोप आला की आज नको, पाहुणे येणार आहेत. पुढच्या गुरुवारी त्याची कंबर धरली. शेजारच्या घरच्यांनी सांगितलं, मुलगा येऊन जाऊ दे. त्याच्या शेजारी म्हणाले, लाकडं अजून ओली आहेत. तीन वर्षांपूर्वी पडलेलं झाड होतं ते. मार्च असा गेला. बाबली रोज सकाळी पेट्रोल-ऑइलचं मिश्रण करायचा, कानशीने साखळीला धार लावायचा, आणि दाराशी बसून राहायचा.

त्याच महिन्यात वाडीत आणखी दोन मयतं झाली. दोन्ही वेळा माणूस धावत बाबलीकडे आला, मानाने बोलावून घेऊन गेला. वाडीत जिवंत माणसं शंभर-सव्वाशे असतील. बाबलीचं गिऱ्हाईक त्यांच्यातलं कोणीच नव्हतं.

खरं काय ते मला यशोदेने सांगितलं. तिला तिच्या भाच्याने सांगितलं होतं, आणि भाच्याला त्याच्या बायकोने. "बाई, ती म्हणतत मशीनान आंघूळ करूक नाय. मयताची करवत. तिच्या लाकडार जेवण कसा रांधूचा?" सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती. म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत होती.

मला राग आला. मी म्हटलं, ठीक आहे, मी रांधते. दुसऱ्या दिवशी मी बाबलीला माझ्या परसातला सुकलेला रायवळ आंबा कापायला लावला. मशीन सुरू होऊन पाच मिनिटं झाली असतील. रस्त्यावरून माणसं धावत येताना दिसली. मशीनचा आवाज आला म्हणजे कोणी तरी गेलं, एवढं आता वाडीला पक्कं झालं होतं. पुढे सत्यवान, खांद्यावर कुऱ्हाड. फाटकातून आत आला, मला पायरीवर तांदूळ निवडताना बघून जागच्या जागी थांबला.

"बाई," तो म्हणाला, "तुमी आसात?"

"मी आसय. आणि मी गेलंय तरी माका लाकडां लागाची नाय रे सत्यवाना. माका पुरतले."

याचा विचार त्याने येताना केला नव्हता हे दिसत होतं. हाही माझाच विद्यार्थी. त्याने कुऱ्हाड पाठीमागे धरली आणि म्हणाला, "नाय, म्हटला कायतरी मदत होयी आसात." मग मी त्याला पायरीवर बसवलं आणि तोंडावर विचारलं. तो वाईट माणूस नाही. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "माका तसा काय म्हणूचा नाय, बाई. पण लोक म्हणतत. कुराड न्हाता, माणूस न्हाता. ह्या मशीन एकदाव न्हावक नाय. तीन मयतां झाली तेच्यार."

बाबली मशीन बंद करून मागे उभा होता. मी "मगे तेका न्हाणय की" असं काही म्हणायच्या आत तोच म्हणाला, "न्हाणलंय तर चलात?"

सत्यवानाने विचार केला. "चलात," तो म्हणाला. "कित्याक चलाचा नाय?"

मी पुस्तक काढून दाखवलं. पाण्यात नेऊ नये. पण आता प्रश्न पुस्तकाचा राहिला नव्हता. सोमवारी सकाळी बाबलीने मशीन व्हाळावर नेलं. यशोदेने गोमूत्र आणि तुळशीचं पान टाकलेलं पाणी दिलं होतं, ते त्याने आधी मशीनवर ओतलं. सत्यवानासमोर आणि आणखी पाच-सहा जणांसमोर त्याने मशीन दोन्ही हातांनी धरून तीनदा पूर्ण बुडवलं. मग टॉवेलने पुसलं आणि दोरी ओढली. मशीनने गुळणी केल्यासारखा आवाज केला. बाबलीने चाळीस वेळा दोरी ओढली, डाव्या हाताने. ते काही सुरू झालं नाही.

परत बांदा. परत मी बरोबर, कारण आता बाबलीला दुकानात एकट्याने तोंड दाखवायचं नव्हतं. मेकॅनिकने मशीन उघडलं. आतून पाणी आलं, आणि तुळशीचं एक पान आलं.

"पाण्यात पडलं का हो?"

"पडाक नाय," बाबली म्हणाला. "आंघूळ घातली."

मेकॅनिकने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. थोड्या वेळाने तो गंभीरपणे म्हणाला, "साबण तर नाही ना लावला?" बाबली म्हणाला, नाही. "मग होईल," मेकॅनिक म्हणाला आणि कामाला लागला. सगळं सुकवून, प्लग बदलून झाल्यावर त्याने बाबलीला एक गोष्ट दाखवली. बाजूचे दोन नट काढले की पाती आणि साखळी वेगळी होते. लाकडाला लागतं ते एवढंच. एवढं हवं तितकं धुवावं, तेल लावावं, परत बसवावं. बाबलीने ते दोन नट स्वतः तीनदा काढले आणि तीनदा लावले. बसमध्ये तो पातीला हात लावून बसला होता. म्हणाला, "बाई, माका जावक लागाचा नाय आता." मी म्हटलं, "नाय लागाचा." मलाही तसंच वाटलं.

त्याच संध्याकाळी त्याने सत्यवानाच्या दारापुढच्या खळ्यात पाती आणि साखळी काढली, व्हाळावर नेली, बुडवली, आणली. सत्यवान सगळा वेळ बरोबर होता. इतरही होते. सत्यवानाने उरलेल्या मशीनकडे बोट केलं. "आणि ह्या?"

"ह्या लाकडाक लागना नाय," बाबली म्हणाला.

"बाबली, तू मयतासून इलस आणि नुसते हात धुलस, तर ती आंघूळ झाली?"

 याला उत्तर माझ्याकडे होतं, पण मी तिथे नव्हते. नंतर मी घरोघर गेले. आठ दिवस फिरले. मी म्हटलं, आग सगळं शुद्ध करते असं तुम्हीच म्हणता, मग लाकूड चुलीत गेल्यावर राहिलं काय? सगळ्यांनी ऐकून घेतलं, सरबत दिलं, आणि शेवटी प्रत्येक घरात थोड्या फरकाने एकच वाक्य मिळालं, "बाई, तुमका काय कळात त्यातला." अडतीस वर्षं शिकवलं त्याचं हे फळ. मला फार लागलं ते. एवढी वर्षं मी इथली आहे असं धरून चालले होते.

मे अर्धा संपला. निलेशचा फोन आला की रविवारी टेम्पो घेऊन येतो. म्हशीला गिऱ्हाईक मिळालं होतं. शुक्रवारी बाबली माझ्याकडे आला. मशीन तेल लावून, गोणपाटात गुंडाळून, सुतळीने बांधून आणलं होतं. पायरीवर ठेवून म्हणाला, "ह्या तुमच्याकडे ऱ्हवांदे. तुमका चलता."

मी म्हटलं, "माका चलवक येता काय मेल्या?"

"येवचा नाय. पण तुमी तेका बाहेर टाकाच्यात नाय."

मला रडू आलं. ते दिसू नये म्हणून मी त्याच्यावर ओरडले, सुतळी चुकीची बांधली आहेस म्हणून. त्याने ती सोडून परत बांधली. पहिलीतल्या पोरासारखी, जीभ बाहेर काढून.  घरी जायला उठताना त्याने गोणपाटावर एकदा हात ठेवला आणि काढला.

शनिवारी सकाळी किशोरी माझ्या फाटकात आली. मथुराआजीची सून. आजी गेल्यापासून ती फारशी कुठे जात नव्हती, आणि माझ्या फेरीत तिचं घर मी मुद्दाम गाळलं होतं. जिच्या सासूच्या सरणाची ही गोष्ट, तिला काय सांगायचं?

"बाई, बाबलीदादाचा मशीन तुमच्याकडे आसा म्हणतत. तेंका घेवन येवा. माझ्या परसातलो फणस तोडूचो आसा."

मी म्हटलं, "किशोरी, तुका ठावक आसा मां लोक काय म्हणतत ते?"

"ठावक आसा," ती म्हणाली. "म्हणानच आज. उद्या ते जातले."

बाबली येईना. मला त्याला जवळजवळ ओढत आणावं लागलं. किशोरीच्या परसात वादळात पडलेला फणस दोन वर्षं आडवा होता, चांगला वाळलेला. बाबलीने दोरी ओढली आणि आवाज झाला. त्या आवाजाने जे व्हायचं ते झालं. दहा मिनिटांत वाडी जमली. कुऱ्हाडी घेऊन सत्यवान आणि सात-आठ पुरुष, मागे बायका. किशोरी कमरेला पदर खोचून खळ्यात उभी होती.

"कोण गेलो?" सत्यवान धापा टाकत म्हणाला.

"कोण जावक नाय. लाकडां संपली माझी."

 एक बाई दबक्या आवाजात म्हणाली, "अगो, पण त्याच मशीनान तुझ्या सासूची..."

"होय, माझ्याच सासूची," किशोरी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "तेवीस वर्सां ती माझ्या आदी उठान ही चूल पेटवी. माका बाळंतपणात एक फाटो उचलूक दिल्यान नाय. ती गेली तेवा बाबलीदादाचो खांदो दुखत होतो, तरी हेनी तिका लाकडां दिल्यानी. तेचो माका विटाळ? मगे असा म्हणा, माका माझ्या सासूचोच विटाळ आसा. आसा हिंमत कोणाची, म्हणा."

बाबली मशीन बंद करून मान खाली घालून उभा होता. त्याचे कान लाल झाले होते. किशोरीने त्याच्या पायाशी पडलेले ढलपे आणि चार बारीक तुकडे ओंजळीत उचलले आणि आत गेली. धूर यायला लागला. जायचं की थांबायचं ते कोणाला कळेना, म्हणून सगळे थांबले. मी मुद्दाम पायरीवर बसले.

ती चहा घेऊन बाहेर आली. पहिला कप बाबलीला दिला. त्याने धरला, पण प्यायला नाही. दुसरा मला. मी प्यायले, आणि माझ्या पिण्याने काही होणार नाही हे मला माहीत होतं. तिसरा कप तिने सत्यवानासमोर धरला.

सत्यवानाने तो घेतला. आता सगळी वाडी कपाकडे बघत होती. तो प्यायला तर उद्या कोणालाच नाही म्हणता येणार नव्हतं, आणि नाही प्यायला तर मथुराआजीच्या चुलीवरचा चहा तिच्याच खळ्यात नाकारल्यासारखं. त्याची आई लहानपणीच गेली होती. शाळेत यायच्या आधी तो याच चुलीपाशी पेज जेवायचा, हे मला माहीत होतं कारण त्याच्या पाटीवर शितं असायची. तो कपात बघत होता. मी पन्नास वर्षं पोरं पाहिली आहेत, पण एवढा अडकलेला चेहरा दुसरा पाहिला नाही. त्याचं मला वाईट वाटलं.

मग त्याने एक घोट घेतला. तोंडात धरला. गिळला.

"साकर कमी झाली गो," तो म्हणाला.

किशोरी आत जाऊन साखरेचा डबा घेऊन आली. त्याने दोन चमचे घालून घेतले, उभ्याउभ्या सगळा चहा संपवला, आणि रिकामा कप तिच्या हातात देताना बाबलीकडे न बघता म्हणाला, "माझो काजू सोमवारी तोडूक होयो. पाऊस येयत आता."

"सोमवारी मी..." बाबली म्हणाला आणि थांबला.

"सोमवारी नाय तर मंगळवारी येवा आमच्याकडे," ती मघाची दबक्या आवाजाची बाई म्हणाली. तिच्या मागून आणखी दोघींनी दिवस सांगितले, आणि मग ज्याच्यात्याच्यात कोणाचं आधी यावरून बोलाबोली सुरू झाली. किशोरी राहिलेल्यांना चहा देत होती. बाबलीने स्वतःचा गार झालेला कप एका दमात संपवला, मशीन खडकावर ठेवलं आणि खिशातून फोन काढत गवताच्या रचलेल्या कुडीमागे गेला. तो फोनवर नेहमी ओरडून बोलतो, त्यामुळे आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

"निलेश? टेम्पो हाडू नको रे... नाय, नाय, बरो आसय मी. तुझी आवस पण बरी आसा. त्या जागेर दुसरो कोण बघ म्हणान सांग तेंका... अरे कित्याक म्हणजे? माका वेळ नाय!"

फोन बंद झाला, पण तो बराच वेळ कुडीमागून बाहेर आला नाही. सत्यवान बघायला निघाला होता. मी त्याचा हात धरून त्याला पायरीवर बसवलं.